रविवारी प्रिंट घेऊन या : हार्लेमच्या कामोइंगे वर्कशॉपचा प्रकरण अभ्यास

१९६३ साली न्यूयॉर्कमधले कृष्णवर्णीय छायाचित्रकारांचे दोन छोटे गट एकत्र आले आणि ‘कामोइंगे वर्कशॉप’ सुरू झालं. नाव केनियातल्या गिकुयू भाषेतलं. केनिया स्वतंत्र होण्याच्या बेतात होता आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय तरुणांचं लक्ष आफ्रिकेकडे लागलं होतं. लुई ड्रेपर, अल्बर्ट फेनार, रे फ्रान्सिस, हर्बर्ट रँडल हे सुरुवातीच्या मंडळींतले काही. अ‍ॅजर काउअन्स, शॉन वॉकर, अँथनी बार्बोझा, बुफर्ड स्मिथ हेही थोडे पुढेमागे येऊन मिळाले. बहुतेक जण विशीतले. पहिले संचालक म्हणून त्यांनी रॉय डिकरावा यांना बोलावलं. ते तेव्हा चाळिशी ओलांडलेले, नाव झालेले छायाचित्रकार होते.

वर्ग नव्हता, अभ्यासक्रम नव्हता, शेवटी हातात पडणारं प्रमाणपत्र नव्हतं. रविवारी आपले कृष्णधवल प्रिंट घेऊन यायचं, सगळ्यांसमोर ठेवायचे आणि सोबती काय म्हणतात ते ऐकायचं, एवढाच मूळ व्यवहार. त्यातून विसाव्या शतकातल्या अमेरिकी छायाचित्रणातलं फार मोलाचं काम उभं राहिलं. एकमेकांच्या अभिप्रायातून छायाचित्रण शिकता येतं का, असा प्रश्न मला कोणी विचारला की मी याच गटाचं उदाहरण देतो, कारण इथे शिकण्याची रीत आणि तिचं फळ दोन्ही स्पष्ट दिसतात. या रीतीच्या उणिवाही दिसतात.

माझं म्हणणं थोडक्यात असं. टीका करणारा आणि ऐकणारा दोघंही त्याच रस्त्यांवर, त्याच उजेडात काम करत होते आणि पुढच्या रविवारी त्यांच्या जागा बदलणार होत्या. ज्याने आज तुझा प्रिंट फाडून खाल्ला, त्याचा प्रिंट आठ दिवसांनी तुझ्यासमोर येणार आहे, ही जाणीव बोलण्याला आपोआप वजन आणते आणि आपोआप मापातही ठेवते.

एकमेकांची गरज का पडली

आधी परिस्थिती पाहू. मोठ्या सचित्र मासिकांची दारं कृष्णवर्णीय छायाचित्रकारांना जवळजवळ बंद होती. गॉर्डन पार्क्स १९४८ मध्ये ‘लाइफ’मध्ये नोकरीला लागले, त्या मासिकाचे ते पहिले कृष्णवर्णीय छायाचित्रकार. पण एका माणसाला दार उघडलं म्हणजे वाट झाली असं होत नाही. दुसरीकडे न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीचे फोटो छापून येत, ते बहुधा गुन्हेगारीचे, दारिद्र्याचे, १९६४ च्या उन्हाळ्यात दंगलीचे. तिथे राहणाऱ्या माणसाची रविवारची सकाळ, जिन्यात टेकून केलेल्या गप्पा, खिडकीतलं ऊन, यांना संपादकांच्या लेखी बातमीमूल्य नव्हतं. अशा वेळी तुमचा प्रिंट पाहून प्रामाणिक मत देणार कोण? संपादकाला हवं ते चित्र आधीच ठरलेलं. म्हणून बरोबरीच्या माणसांचा अभिप्राय ही या मंडळींसाठी शाळेची स्वस्तातली सोय नव्हती. त्यांचं काम काय आहे हे कळणारा तो जवळपास एकमेव प्रेक्षक होता.

मराठी वाचकाला हे फार समजावून सांगायला नको. ब्लॅक पँथर्सकडे पाहून मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तेव्हा आमच्या वस्तीबद्दल कोण बोलणार आणि कोणाच्या भाषेत, हाच प्रश्न इथेही धगधगत होता. कामोइंगेने तो प्रश्न चित्रांच्या बाबतीत विचारला.

गटातल्या लुई ड्रेपर यांची वाट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. व्हर्जिनियातल्या एका कॉलेजात शिकत असताना १९५५ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये भरलेल्या एका प्रचंड प्रदर्शनाचं पुस्तक त्यांच्या हाती पडलं. त्या प्रदर्शनात डिकरावांचीही छायाचित्रं होती. शेवटचं सत्र उरलं असताना, १९५७ मध्ये, ड्रेपर कॉलेज सोडून न्यूयॉर्कला आले. तिथे ते हॅरोल्ड फाइनस्टाइन यांच्या कार्यशाळेत बसले आणि पुढे छायाचित्रकार युजीन स्मिथ यांचं मार्गदर्शन त्यांना मिळालं. हे फाइनस्टाइन सतरा वर्षांचे असताना न्यूयॉर्कच्या ‘फोटो लीग’मध्ये दाखल झाले होते. लीग म्हणजे १९३६ ते १९५१ या काळातली छायाचित्रकारांची संघटना. एकमेकांचं काम समोर ठेवून वाद घालण्याची तिथली रीत नावाजलेली होती. १९४७ च्या अखेरीस अमेरिकी सरकारने लीगचं नाव देशविरोधी संस्थांच्या यादीत घातलं आणि काही वर्षांत ती बंद पडली. संस्था गेली, पण सवय माणसांबरोबर पुढे सरकली: लीगमधून फाइनस्टाइनकडे, त्यांच्याकडून ड्रेपरकडे आणि ड्रेपरमार्फत कामोइंगेत. अभिप्राय देणं हीसुद्धा एक कला आहे आणि तिचीही परंपरा असते, हे मला या साखळीत दिसतं.

रविवारची बैठक

भेटायचं रविवारी, बहुधा कोणाच्या तरी घरी. जेवण व्हायचं, जॅझ चालू असायचं, पाहिलेल्या सिनेमांवर, चित्रांवर, राजकारणावर बोलणं व्हायचं आणि प्रिंट पाहिले जायचे. टीका कडक असे, हे सभासदांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे. ‘छान आहे’ म्हणून कोणी सुटत नसे. बार्बोझा तर विशीही न गाठता या गटात आले आणि या बैठकांनाच ते आपली शाळा मानत आले.

या वर्णनातला जेवणाचा आणि संगीताचा भाग लोक रंगत म्हणून वाचतात. मला तो शिकवण्याच्या पद्धतीचा भाग वाटतो. कृष्णधवल छायाचित्रात रंग काढून घेतला की उरतो तो उजेड, आकार आणि त्यांची लय. जॅझ ऐकणाऱ्या माणसाला विराम कुठे हवा, एकच सूर किती धरायचा, मुख्य धून सोडून भटकून परत कधी यायचं, याचा कान असतो. अशा दोन माणसांना एखाद्या प्रिंटमधल्या काळ्या रिकाम्या जागेबद्दल बोलायला सामाईक शब्द मिळतात. नुसतं तंत्र शिकलेल्या माणसाला तीच जागा ‘अंडरएक्स्पोज’, म्हणजे उजेड कमी पडून काळवंडलेली, दिसेल. अभिप्राय देणाऱ्यांची तंत्राबाहेरची जाण जेवढी एकत्र वाढलेली, तेवढा त्यांचा अभिप्राय नेमका, असा माझा अनुभव आहे.

काळ्या रंगाच्या आतला तपशील

आता या प्रकरणाचा गाभा. कृष्णधवल छायाचित्रणात सावळी आणि काळी त्वचा हा तांत्रिक कसोटीचा विषय आहे, आणि कामोइंगेच्या टेबलावर तो कायम असणारच होता.

समोरून परत येणारा उजेड मोजणारा मीटर सगळं दृश्य सरासरीने मध्यम ग्रे, म्हणजे सुमारे १८ टक्के उजेड परतवणारं, आहे असं धरून चालतो. काळा चेहरा चौकटभर असेल तर मीटर त्यालाही मध्यम ग्रे करू पाहतो. एक्स्पोजर जास्त होतं, त्वचा राख फासल्यासारखी फिकट येते. तोच माणूस उन्हात पांढऱ्या भिंतीसमोर उभा असेल तर मीटर भिंतीला भुलतो, एक्स्पोजर कमी पडतं आणि चेहऱ्याच्या जागी नाकडोळे नसलेला काळा गोळा उरतो. यावरचा इलाज ठाऊक असलेला आहे: जवळ जाऊन चेहऱ्यावरचं मोजमाप घ्यायचं आणि त्वचा जितकी गडद हवी त्या मानाने एक स्टॉप खाली यायचं, म्हणजे उजेड निम्मा करायचा, किंवा दृश्यावर पडणारा उजेडच मोजायचा. पण रस्त्यावर, ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने, क्षण निसटत असताना हे हातात बसलेलं असावं लागतं. सावलीतला तपशील निगेटिव्हवर उतरलाच नाही, तर डार्करूममध्ये रात्रभर खटपट करूनही तो येत नाही.

पुढची पायरी कागदाची. नवशिक्याला कडक कॉन्ट्रास्टचा मोह पडतो. कागदाच्या दोन नंबरच्या ग्रेडऐवजी (नंबर वाढतो तसा कॉन्ट्रास्ट वाढतो) चार नंबर घेतला की चित्र लांबूनही ठसठशीत दिसतं, भिंतीवर उठून दिसतं, लोक वाहवा करतात. पण गालाच्या हाडावरची चकाकी, त्याखालची उतरती छटा, हनुवटीखालचा अंधार आणि गडद कोटाची कॉलर या चार वेगळ्या काळ्यांचं मिळून एकच काळं होतं. माणूस आकृती बनतो. ज्या समाजाला वर्तमानपत्रांनी आधीच आकृती करून टाकलं होतं, त्याच्याच छायाचित्रकाराने डार्करूममध्ये पुन्हा तेच करावं का? इथे ग्रेडची निवड ही निव्वळ चवीची बाब राहत नाही.

या प्रश्नावर डिकरावांचं कामच उत्तर होतं. चित्रकला आणि छापचित्र यांतून ते छायाचित्रणाकडे आले होते. १९५२ मध्ये त्यांना गुगेनहाइम फेलोशिप मिळाली; ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय छायाचित्रकार. त्यांचे प्रिंट गडद असत, पण त्या गडदपणात छटांची गर्दी असे. त्यांचं १९५३ चं ‘हॉलवे’ पाहा. हार्लेमच्या भाड्याच्या इमारतीतला अरुंद बोळ, एकच मिणमिणता दिवा, छताला आणि भिंतींना चाटून जाणारा उजेड. माणूस कुठेच नाही. अशा बोळांतून वाढलेल्या डिकरावांनी तिथला अंधार उजळवला नाही आणि भयंकरही केला नाही. पहिल्या नजरेला चित्र नुसतं काळं वाटतं. मग डोळा सरावतो आणि भिंतीचा पोत, कोपरा, बोळाची खोली एकेक करून वर येतात. पाहणाऱ्याला थांबावं लागतं, आणि ती सक्ती प्रिंटमध्येच रचलेली आहे. जिन्यातला साठ वॅटचा बल्ब आणि पापुद्रे सुटलेला ऑइल पेंट पाहत मोठा झालेला आपल्याकडचा चाळकरी हे चित्र लगेच ओळखेल.

असा माणूस बैठकीत बसलेला असताना तरुणांना ग्रेच्या भाषेत विचार करणं भाग होतं. ड्रेपर यांचे दुसरे गुरू युजीन स्मिथ हेही गडद प्रिंटचे भोक्ते. पोटॅशियम फेरिसायनाइडच्या ब्लीचने ते अंधारातला एखादा डोळा किंवा हाताची कड नेमकी उजळून काढत. म्हणजे गटात काळं हाताळण्याच्या निदान दोन घराण्यांचं ज्ञान होतं. एक अंधाराला त्याच्या जागी राहू देणारं, दुसरं अंधारातून नाट्य बाहेर काढणारं. दोन्हींची जाण असलेली माणसं एका टेबलाभोवती असली तर ‘काळं जरा कमी कर’ असला मोघम अभिप्राय टिकत नाही.

इथे डार्करूममधली एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण सोबत्यांची गरज तिच्यातून फार चांगली कळते. फायबर कागदावरचा प्रिंट ट्रेमध्ये ओला असताना उजळ आणि खोल दिसतो. वाळला की सगळा पडदा किंचित खाली उतरतो, गडद छटा एकमेकींत मिसळू लागतात. छापणाऱ्याच्या डोळ्यात मात्र तो ओला प्रिंट बसलेला असतो. त्या दिवसाची थंडी, त्या माणसाशी झालेलं बोलणं, हेही त्याच्या मनात असतं. कागदावर नसलेलं तो कागदावर वाचत राहतो. सोबत्यापुढे फक्त वाळलेला कागद आणि घरातला दिवा. ‘इथे हात आहे म्हणतोस, मला दिसत नाही,’ एवढं वाक्य त्याने बोललं तरी छापणाऱ्याला पुन्हा डार्करूममध्ये जावं लागतं, कारण त्यावर वाद घालता येत नाही.

एकसारखे झाले का?

अशा गटांवर नेहमीचा आक्षेप असतो की सगळे एकमेकांची नक्कल करू लागतात. कामोइंगेचं काम शेजारी शेजारी मांडून पाहिलं तर आक्षेप टिकत नाही. काउअन्स यांचं १९६० चं ‘फूटस्टेप्स’ उंचावरून टिपलेलं: बर्फाने भरलेला रस्ता आणि त्यातून जाणारी एक छोटी आकृती. फेनार यांचं १९७१ चं ‘सॉल्ट पाइल’ हा मिठाचा ढीग, पण चित्रात उरतो तो नुसता आकार. रँडल यांनी १९६४ च्या ‘फ्रीडम समर’मध्ये मिसिसिपीतल्या हॅटिसबर्गला जाऊन मतदार नोंदणीच्या मोहिमेतली माणसं टिपली. बुफर्ड स्मिथ यांनी मार्टिन लूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, १९६८ मध्ये, रडणारा माणूस टिपला. ड्रेपर यांनी १९५९ मध्येच दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांचं छायाचित्र काढून त्याला ‘काँग्रेशनल गॅदरिंग’ असं नाव दिलं होतं. पाहणाऱ्याला कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेचे पांढरे झगे आठवतात आणि मग शीर्षक बोचायला लागतं. नंतर आलेल्या मिंग स्मिथ यांनी शटर मंद ठेवून हललेली, विरघळलेली प्रतिमा हीच आपली भाषा केली. जॅझ संगीतकार सन रा यांचं त्यांनी १९७८ मध्ये काढलेलं छायाचित्र नियमाने बोलायचं तर ‘हललेलं’ आहे, आणि त्याच हलण्यात ते जिवंत आहे.

इतकी भिन्न माणसं एकाच टेबलावर घडली, कारण अभिप्रायाला ठरलेला नमुना नव्हता. स्पर्धेत गुण देणाऱ्याला सगळ्या चित्रांना एक पट्टी लावावी लागते. आपल्याकडच्या सलोन, म्हणजे स्पर्धात्मक प्रदर्शनांच्या, परंपरेने, मुंबईत १९३७ मध्ये स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडियासारख्या संस्थांनी, पिढ्यान् पिढ्या उत्तम तंत्र शिकवलं, याबद्दल मला आदर आहे. पण गुण आणि स्वीकृतीच्या शिक्क्यांवर वाढलेला छायाचित्रकार हळूहळू परीक्षकाला आवडेल असं पाहू लागतो, हेही मी बऱ्याच जणांच्या बाबतीत जवळून पाहिलं आहे. अशा माणसाला मिठाचा ढीग टिपायचं धाडस होत नाही.

जे जमलं नाही

गटात नऊ वर्षं एकही स्त्री सभासद नव्हती. मिंग स्मिथ १९७२ मध्ये आल्या, त्या पहिल्या. १९६५ मध्ये गटाने कृष्णवर्णीय स्त्री हा विषय घेऊन प्रदर्शन भरवलं होतं, हे लक्षात घेतलं की उणीव अधिक खुपते. टेबलाभोवती सगळे पुरुष असताना स्त्रीच्या छायाचित्रावर झालेली चर्चा कितीही प्रामाणिक असली तरी एका बाजूने आंधळीच राहणार. बरोबरीची माणसं म्हणजे कोणाच्या बरोबरीची, हा प्रश्न अशा प्रत्येक गटाने स्वतःला विचारायला हवा.

दुसरी अडचण अधिक नाजूक. एकाच वस्तीतले, एकाच अनुभवाचे लोक असले की एकमेकांची चित्रं ते फार पटकन समजून घेतात. प्रिंटमध्ये जे उतरलेलं नाही ते स्वतःच्या आठवणीतून भरून टाकतात. एकत्र जाऊन प्रदर्शनं आणि परदेशी सिनेमे पाहण्याची सभासदांची सवय यावर चांगला उतारा ठरली असावी, असं मला वाटतं.

डिकरावा दोनेक वर्षांत बाजूला झाले. ज्येष्ठ माणूस उठून गेला की असे गट बहुधा मोडतात. हा मोडला नाही, आणि माझ्या दृष्टीने या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची घटना हीच. तोवर बोलण्याची रीत सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. सत्तरच्या दशकाच्या पुढे मात्र गट मंदावला आणि नव्वदच्या दशकात जुन्या सभासदांनीच त्याला पुन्हा उभारी दिली.

फळ

१९६४ मध्ये गटाने हार्लेममध्ये स्वतःची छोटी गॅलरी उघडली, १९६४-६५ मध्ये निवडक छायाचित्रांचे पोर्टफोलिओ काढले. जुलै १९६६ मध्ये स्वित्झर्लंडच्या ‘कॅमेरा’ मासिकाने त्यांचं हार्लेमचं काम छापलं. घरच्या देशात जागा मिळेना तेव्हा ती युरोपात मिळाली. १९७३ पासून बुफर्ड स्मिथ आणि इतर सभासदांच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय छायाचित्रकारांच्या कामाचं वार्षिक निघू लागलं. पहिल्या अंकाची प्रस्तावना कादंबरीकार टोनी मॉरिसन यांची होती. १९८० पर्यंत चार अंक निघाले. ड्रेपर पुढे न्यू जर्सीतल्या मर्सर काउंटी कम्युनिटी कॉलेजात शिकवत राहिले, २००२ मध्ये वारले. त्यांचा संग्रह २०१५ मध्ये व्हर्जिनिया म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सने घेतला आणि त्यातूनच २०२० मध्ये गटाच्या पहिल्या दोन दशकांच्या कामाचं मोठं प्रदर्शन उभं राहिलं. पुढे ते न्यूयॉर्कच्या व्हिटनी आणि लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयांतही गेलं. शॉन वॉकर यांचा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसने घेतला. मान्यता इतक्या उशिरा आली की ड्रेपर यांच्यासारखे काही जण ती पाहायला उरले नव्हते, याचं वाईट वाटतं.

आपल्या गावात करायचं तर

कामोइंगेचा आराखडा जसाच्या तसा उचलता येणार नाही, पण काही गोष्टी नाशिकला, कोल्हापूरला, पणजीला चारपाच जणांत सहज करता येतील. फोन फिरवून चित्र दाखवू नका. छापून आणा, आठ बाय दहा पुरेसं आहे. डिजिटल कृष्णधवलाचीही छापल्यावर तीच गत होते: पडद्यावर दिसलेली सावली कागदावर बुजते. प्रत्येकाने दोनच प्रिंट आणावेत. प्रिंट ठेवल्यावर काढणाऱ्याने गप्प बसावं, आणि बाकीच्यांनी आवडलं-नावडलं बाजूला ठेवून आधी काय दिसतं ते सांगावं: डोळा कुठे जातो, कुठे अडतो, कोणती सावली वाचता येत नाही. त्यानंतर काढणाऱ्याने आपल्याला काय म्हणायचं होतं ते सांगावं. दोन्हींमधलं अंतर हा त्या दिवसाचा धडा. पुढच्या बैठकीला तोच प्रिंट पुन्हा छापून आणायचा आणि जुन्याशेजारी ठेवायचा. बहुतेक गट इथेच कमी पडतात, दर वेळी नवं चित्र आणतात आणि सुधारणा कोणालाच दिसत नाही.

आणि गटात एक तरी असा माणूस घ्या, ज्याला तुमची वस्ती, तुमचा समाज, तुमचं गाव आतून ठाऊक नाही. त्याला जे समजत नाही, ते लिहून ठेवा.